बरणीबाहेरचं बी

गारा पडल्या त्याच्या पुढच्या आठवड्यात आमच्या मिरचीवर ठिपके दिसायला लागले, आणि माझ्या सासऱ्यांना जिकडेतिकडे वैरी दिसायला लागले. ठिपके आधी बारीक होते, मोहरीएवढे, भिजल्यासारखे ओलसर. मग ते काळपट झाले, भोवतीनं पिवळे पडले, आणि पानं हात न लावता गळायला लागली. बांधाकडेच्या दोन सऱ्यांत टोमॅटो होते, त्यांच्याही पानांवर तेच. सासरे, डेल्फिनो, सकाळी सरीत उकिडवे बसायचे, एखादं पान खुडून उन्हाकडे धरायचे, आणि पान सोडून पाटाच्या वरच्या अंगाला बघत राहायचे.

लोमा सेकात, आमच्या गावात, पाट एकच. डोंगरातल्या ओढ्याला बांध घालून जुन्या माणसांनी काढलेला. वरून खाली, ज्याच्या त्याच्या पाळीनं पाणी येतं. पाण्याबरोबर काटक्या येतात, कधी मेलेलं मांजर येतं, आणि वरच्या माणसाबद्दलचा संशय तर कायमच येतो. खालच्यानं वरच्यावर विश्वास ठेवला असं आमच्या गावात मी अजून पाहिलेलं नाही. पाणी स्वच्छ आलं तरी लोक विचारतात की आज एवढं स्वच्छ कसं.

सगळ्यात वर ग्रेडी. कॅलिफोर्नियातून आलेला एकटा गोरा माणूस, साठी ओलांडलेला. जमीन विकत घेऊन त्यानं प्लास्टिकचं मोठं घर उभारलं होतं आणि त्यात टोमॅटो लावायचा. ते पांढरं घर आमच्या अंगणातून दिसायचं. सासरे त्याला दवाखाना म्हणायचे.

"पाण्यात कायतरी सोडतोय त्यो," सासरे म्हणाले.

आम्ही तिघं खुरपत होतो. माझी सासू, युलालिया, खुरपं न थांबवता म्हणाली की पाण्यातून काही आलं असतं तर घेवडाही करपला असता, मकाही गेला असता.

"मक्याला काय कळतंय," सासरे म्हणाले.

हसू आलं तरी मी खाली मान घालून तण उपटत राहिले. त्या घरात हसायचं ते सासऱ्यांच्या माघारी. माझा नवरा लिसांद्रो रस्त्याच्या कामावर दूर असायचा, शनिवारी यायचा आणि रविवारी जेवून जायचा. त्यामुळे आठवडाभर मी आणि ती दोघं. कंबर मोडेपर्यंत काम, आणि संध्याकाळी घेवड्याच्या वाटीवर वाकून बसलेले तीन माणसांचे अबोले.

आमच्या घराचं नाव मिरचीच्या बियांवर चालत होतं. कोठीघरात मातीची एक बरणी होती, तिच्यात घरचं बी. दर वसंतात सासरे त्याची रोपं करायचे आणि अर्धं गाव ती रोपं न्यायचं. पैसे कुणी द्यायचं नाही, कुणी मागायचं नाही. मे महिन्यात सान इसिद्रोची, शेतकऱ्यांच्या संताची, मूर्ती वावरावावरांतून फिरवतात, ती पहिल्यांदा आमच्या बांधावर टेकवायची, एवढाच त्याचा मान. सासरे त्या मानावर वर्षभर जगायचे. माणूस तसा कंजूष, हेकट, पण त्या दिवशी हॅट काढून उभा राहायचा तेव्हा बघत राहावंसं वाटायचं.

बी घरचं म्हटलं तरी त्यात सुनांचं असायचं. आमच्याकडे सून घरात येते तेव्हा माहेरचं मूठभर बी रुमालात बांधून आणते. सासू ते घेऊन कोठीत जाते, बरणीत टाकते आणि रिकामा रुमाल आणून सुनेच्या हातात देते. रिकामा रुमाल मिळाला की सून घरची झाली. मीही माझ्या आईचं बी घेऊन आले होते, डोंगरापलीकडच्या एल अंकोनहून, आणि मलाही सासूनं रिकामा रुमाल दिला होता. त्याला पाच वर्षं झाली होती.

हिरवी मिरची तोडायची वेळ आली तेव्हा फळांवरही डाग आले. खरजेसारखे, उचललेले, खडबडीत. आम्ही त्यातल्या त्यात बऱ्या मिरच्या निवडून पोती भरली आणि शहरात हिरवी मिरची भाजून विकणाऱ्या भट्टीवाल्याकडे नेली. तो दरवर्षी आमचा माल डोळे झाकून घ्यायचा. या वेळी त्यानं पोत्यात हात घातला, एक मिरची काढली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि तो अंगठा विजारीला पुसला. सासऱ्यांनी पोत्याचं तोंड स्वतःच बांधलं आणि पोती परत गाडीत चढवली. मी एका बाजूनं धरू गेले तर म्हणाले, सोड.

परत येताना गाडी थेट ओनोफ्रेच्या दारात. ओनोफ्रे पाटकरी, कुणाची पाळी कधी, पाटावरचं कुणाचं दार उघडायचं, कुणाचं बंद करायचं, ते तो ठरवतो. सासऱ्यांचा लहानपणचा जोडीदार. सासऱ्यांनी त्याला सांगितलं की ग्रेडीचं दार बंद कर, कुलूप घाल. ओनोफ्रे म्हणाला, त्याची पाळी आहे, पाटाची साफसफाई करायला सगळ्यांत आधी तोच फावडं घेऊन येतो, कुलूप कशावरून घालू?

"माझ्या मिरचीवरनं."

"मिरची तर माझी बी गेलीया," ओनोफ्रे म्हणाला आणि आम्हाला मागच्या वावरात घेऊन गेला. तेच ठिपके. तेच पिवळेपण. ओनोफ्रे शांत होता, टोपीनं वारा घेत होता. त्याचा स्वभावच तसा, घराला आग लागली तर आधी कॉफी संपवेल. पण गाडीत बसल्यावर सासरे म्हणाले की पीक गेलेला माणूस एवढा गार बसतो कसा, त्याला कुणीतरी काहीतरी दिलेलं असणार. तिथून घरापर्यंत ओनोफ्रेही वैऱ्यांत जमा झाला.

दुसऱ्या दिवशी सासरे मला घेऊन ग्रेडीकडे गेले. त्यांना इंग्रजी चांगलं येतं, पण ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी ते मुद्दाम आपल्याच भाषेत बोलतात आणि मधे मला उभी करतात. ग्रेडीनं प्लास्टिकच्या घराचं दार उघडलं. आत टोमॅटोची झाडं दोऱ्यांवर चढवलेली, पानं हिरवीगार, एक डाग नाही. बाहेर त्यानं मिरचीच्याही दोन सऱ्या लावल्या होत्या, गारांनी फाटलेल्या, पण ठिपका नव्हता. रोपं शहरातल्या दुकानातून आणली होती म्हणाला. त्यानं आम्हाला सरबत दिलं. मी प्याले. सासऱ्यांनी पेला हातात धरला, वास घेतला आणि ओट्यावर ठेवून दिला. ग्रेडीनं ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाटाच्या कडेनं परतताना सासरे म्हणाले, "बघितलंस? त्याच्याकडं एक डाग न्हाई."

"मग त्याचा काय संबंध, मामंजी?"

"त्यानंच केलंय मंजे. सापाला सापाचं इख चढत न्हाई."

ज्याची झाडं रोगी तो सामील आणि ज्याची चांगली तो गुन्हेगार. या हिशेबातून गावात कुणी सुटत नव्हतं.

शेवटी मीच कुणाला न विचारता शेतकी कचेरीत फोन केला. तिथून रेनाटा नावाची बाई आली. आमच्याच खोऱ्यातली, पलीकडच्या गावची. तिनं बुटांवर पिशव्या चढवल्या, हात धुतले, आणि दव वाळेपर्यंत गाडीतच बसून राहिली. सासऱ्यांना हा नखरा वाटला. ऊन चढल्यावर ती सरीत उतरली. पानं पाहिली, काही पिशवीत भरली, छोट्या भिंगाखाली एक तुकडा बराच वेळ बघितला.

ती म्हणाली की हा जिवाणूचा रोग आहे, औषधाचा परिणाम नाही आणि पाण्यातून सोडलेलाही नाही. टोमॅटोला आणि मिरचीला दोन्हींना होतो. बहुतेक वेळा बियांवरून येतो, साल कोरडं असलं तर रोपांत नुसता दडून बसतो, आणि पाऊस-गारा झाल्या की थेंबांबरोबर या झाडावरून त्या झाडावर उडतो. ओल्या झाडांत हात घातला की हातानंही पसरतो.

मग तिनं विचारलं, गावात आणखी कुणाकुणाकडे आहे? मी नावं सांगितली. त्यांनी रोपं कुठून आणली होती? मी सासऱ्यांकडे बघितलं. सासरे डोंगराकडे बघत होते. माझ्या सासूनं खाली वाकून बुटाची नाडी बांधली, ती सुटलेली नव्हती.

"आमच्याकडनंच," मी म्हणाले.

रेनाटानं बियांचा नमुना मागितला. सासरे स्वतः कोठीत गेले आणि वाटीत थोडं बी घेऊन आले. वाटी देताना त्यांनी ती पटकन सोडली नाही. मला वाटलं, राग आहे. ती म्हणाली, प्रयोगशाळेतून कळेपर्यंत कुणाला बी देऊ नका, आणि गाडी वळवून गेली.

संध्याकाळी जेवताना सासरे पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "त्या बरणीत माझ्या बापाचं बी. आज्याचं बी. आलीकडं भाईरचं पडलं आसंल तर एकच मूठ पडलीया."

मला समजायला थोडा वेळ लागला. ती मूठ म्हणजे माझ्या रुमालातली, माझ्या आईची. मी म्हणाले की माझ्या आईच्या वावरात असा रोग कधीच नव्हता. ते म्हणाले, तुला काय माहीत. मी तिथल्या तिथे आईला फोन लावला. आई म्हणाली, यंदा मिरची छान आहे, पाठवू का थोडी? मी फोन ठेवून तसं सांगितलं.

"लेकीसाठी आई खोटं बोलणारच," सासरे म्हणाले.

सासूनं माझ्या वाटीत आणखी घेवडा वाढला. त्या वेळी मला तो तिचा आधार वाटला होता.

त्यानंतर कोठीला कुलूप आलं. किल्ली सासऱ्यांच्या खिशात. मला पीठ हवं असेल तर मी मागायचं, ते उठायचे, कुलूप काढायचे, मी पीठ घेईपर्यंत दारात उभे राहायचे. लाल मिरच्या पिकल्या, जेवढ्या वाचल्या तेवढ्या, आणि माळा ओवायची वेळ आली. दरवर्षी मी आणि सासू समोरासमोर बसून ओवायचो, बोटं भाजायची, डोळे चुरचुरायचे, आणि तेवढ्यापुरता ती मला गावातल्या जुन्या भानगडी सांगायची. या वर्षी सासऱ्यांनी सांगितलं की माळांना हिनं हात लावायचा नाही. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मक्याची कणसं सोलत बसले. येणारी-जाणारी माणसं बघायची.

देवळात बायका चौकशी करायला लागल्या. "आई बरी हाय न्हवं तुझी? आन तिची मिरची?" एकीनं तर माझ्या शेजारची जागा सोडून पलीकडे बूड टेकवलं. मिरचीचा रोग काही माणसाच्या अंगावरून जात नाही, पण हे तिला कोण सांगणार.

लिसांद्रो शनिवारी आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, बघू. बापापुढे त्यानं मूग गिळले आणि माझ्यापुढे उसासे टाकले. रविवारी जेवून गेला. त्याच्या गाडीची धूळ खाली बसेपर्यंत मी फाटकात उभी होते आणि मनात ठरवत होते की निकाल तसा आला तर आपण कुठे राहायचं. माहेरी जायचं म्हणजे रोग तिथूनच आला असं कबूल केल्यासारखं. इथे राहायचं म्हणजे मरेपर्यंत पिठासाठी हात पसरायचा.

रेनाटा परत आली तेव्हा अंगणात आठ-दहा माणसं जमली होती. खबर कशी लागते कोण जाणे. ओनोफ्रे होता, रोपं नेलेली बाकीची घरं होती. ग्रेडीही आला होता, फाटकाबाहेरच उभा राहिला. रेनाटानं सरळ सांगितलं की रोग बियांतच आहे. बरणीतलं बी वापरता येणार नाही. वावरातली झाडं उपटून जाळा, पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत मिरची आणि टोमॅटो लावू नका, वाफ्याच्या फळ्या, टोपल्या, सगळं धुवून काढा. तिनं कुणाला दोष दिला नाही. हे कुठल्याही घरात होतं, म्हणाली.

ती गेल्यावर कुणी हललं नाही. सगळे सासऱ्यांकडे बघत होते. ओनोफ्रे टोपी हातात घेऊन म्हणाला की डेल्फिनो, आम्ही तुझी रोपं नेली, तू बोल काहीतरी.

सासरे उठले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं नाही, मान वळवली फक्त. "माझ्या घरात सून आली. तिच्या माहेरचं बी रिवाजापरमाणं बरणीत गेलं. त्याच्या आधी कधी ठिपका बघितला व्हता का कुनी?"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. रडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि रडले नाही.

तेवढ्यात माझी सासू आत गेली. कोठीत नाही, तिच्या झोपायच्या खोलीत. आली ती चरबीचा एक जुना डबा घेऊन, झाकणावर चिकटपट्टी गुंडाळलेला. तो तिनं बाकावर ठेवला.

"हिचं बी ह्ये हाय," ती म्हणाली. "बरणीत कधी पडलंच न्हाई."

सासरे तिच्याकडे बघत राहिले. "रुमाल मोकळा आणलावतास तू."

"मोकळा केला. डब्यात."

ओनोफ्रेनं हळूच विचारलं, वहिनी, मग बरणीत बाहेरचं काय पडलं? माझी सासू त्याला उत्तर न देता नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. मीठ मागावं तसं म्हणाली, "थंडीनं पीक मारलं त्या सालचं सांग."

ते साल मला आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरातच कडाक्याची थंडी पडली आणि मिरची लाल व्हायच्या आधीच झाडं काळी पडली. गावात कुणाकडे माळा नव्हत्या. आमच्याकडे मात्र जत्रेत विकायला माळा होत्या. सासरे म्हणाले होते, वरच्या तुकड्यातली मिरची वाचली. वरच्या तुकड्यात त्या साली काय वाचलं होतं ते मी पाहिलं नव्हतं. मला ताप होता.

शेवटी सासूच बोलली. ती मिरची विकतची होती, दक्षिणेकडच्या मोठ्या रस्त्यावर गाडीवाल्याकडून आणलेली. माळा आमच्या म्हणून विकल्या. आणि घरचं बी त्या साली धरलं नव्हतं, बरणी तळाला गेली होती, म्हणून त्याच मिरच्यांचं बी त्यांनी बरणीत ओतलं. तळाशी उरलेल्या घरच्या बियांवर.

"दुसरं करनार काय?" सासरे म्हणाले. एवढंच म्हणाले. "वसंतात दारात उभी ऱ्हानार व्हता तुमी सगळी. मोकळी बरणी दाखवू तुमास्नी?"

खाई त्याला खवखवे म्हणतात. गारा पडल्यापासून ते जिकडेतिकडे का बघत होते, सरबताचा वास का घेत होते, वाटी हातातून पटकन का सुटली नाही, ते मला तेव्हा कळलं. राग यायला हवा होता, पण त्यांच्या बाबतीत तो काही केल्या आला नाही. रिकाम्या बरणीची भीती मला समजत होती. माणसं एकेक करून निघाली. कुणी काही लागट बोललं नाही, तेच वाईट होतं. ओनोफ्रे सगळ्यात शेवटी गेला. जाताना त्यानं टोपी घातली आणि म्हणाला की मोकळी बरणी दाखवली असतीस तर आम्ही सगळ्यांनी मिळून दुसऱ्या गावाहून बी आणलं असतं.

डबा बाकावरच होता. मी तो उचलून आत नेला नाही. कुणीच नेला नाही, मग संध्याकाळी तो सासूच्या खोलीत परत गेलेला दिसला.

दुसऱ्या दिवसापासून उपटायचं काम. झाडं मुळासकट ओढायची, पानं गोळा करायची, ढीग करायचा. सासरे एका टोकाला, आम्ही दोघी दुसऱ्या टोकाला. त्यांनी कोठीची किल्ली चुलीजवळच्या खिळ्याला अडकवली होती. मी तिला हात लावला नव्हता. दुपारी ढीग पेटवला तेव्हा वारा फिरला आणि मिरचीचा धूर आमच्या अंगावर आला. दोघी खोकत खोकत पाटाच्या काठी पळालो. तोंड धुताना मी तिला विचारलं.

"का टाकलं न्हाई, आत्याबाई?"

तिनं पाण्याचा हबका मारला, परत मारला. "तुझ्या आईला मी वळखत न्हवते."

"पाच वर्सं झाली."

"मग सांगायला तोंड न्हवतं."

"रस्त्यावरच्या गाडीचं चाललं. त्या गाडीवाल्याच्या आईला वळखत व्हता?"

ती धुरानं लाल झालेले डोळे पुसत राहिली. मग म्हणाली, "त्यो नवरा हाय माझा."

मला त्या क्षणी तिला पाटात ढकलावंसं वाटलं, हे खरं सांगते. सासऱ्यांनी माझ्यावर आळ घेतला तो महिनाभर. हिनं मला पाच वर्षं घरात घेतलंच नव्हतं, आणि मी हिच्यासमोर बसून माळा ओवत होते, हिच्या आजारपणात हिचे पाय चेपत होते. अंगणात सगळ्यांसमोर तिनं मला सोडवलं, पण सोडवण्यासाठी तिला हेच सांगावं लागलं. उपकार मानायचे की थोबाडीत मारायची, काही कळेना. मी उठले आणि ढिगावर आणखी झाडं टाकली.

हिवाळा तसाच गेला. जत्रेत आमच्या माळा नव्हत्या. सासरे देवळात मागच्या बाकावर बसायला लागले. लिसांद्रोनं एका शनिवारी बापाशी चार वाक्यं बोलण्याचं धाडस केलं, काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण सासरे मान हलवत होते. तेवढ्यानंही मला बरं वाटलं.

बर्फ उतरलं, पाट साफ करायला फावडी निघाली, आणि एका सकाळी माझी सासू तो डबा घेऊन स्वयंपाकघरात आली. माझ्यासमोर ठेवला.

"घे. तुझं हाय."

"आता घरात दुसरं न्हाई म्हणून?"

"व्हय," ती म्हणाली. "म्हणूनच."

ती गोड बोलली असती तर मी डबा उचलून माहेरी गेले असते. खोटं बोलली नाही म्हणून मी झाकण काढलं. बी पिवळट होतं, जुनं, पण बुरशी नव्हती. रेनाटाला विचारून मी दूध तापवायचा थर्मामीटर आणला, पातेल्यात पाणी गरम केलं, बी फडक्यात बांधून त्यात सोडलं, आणि तिनं सांगितलं तेवढा वेळ विस्तवाजवळून हलले नाही. पाणी जास्त तापलं तर बी मरतं, कमी तापलं तर रोग मरत नाही. सासू बाजूला उभी राहून बघत होती.

"आईच्या बियावर बी इस्वास न्हाई?" तिनं विचारलं.

"ह्या घरात शिकले," मी म्हणाले. ती हसली. मला हसायचं नव्हतं.

घरामागे, जिथे कधी मिरची लागली नव्हती, तिथे मी नव्या फळ्यांचा वाफा केला. अर्ध्याहून कमी उगवलं. जे उगवलं ते बारीक, नाजूक, दोन-दोन पानांचं. घरात मी सगळ्यांना सांगून टाकलं की वाफ्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, दव असताना जवळही जायचं नाही. सासू लांबूनच बघून जायची. सासऱ्यांना मी वेगळं सांगितलं नाही. त्यांच्याशी माझं बोलणंच नव्हतं.

रोपं बोटभर झाली तेव्हा दाटी झाली आणि वेगळी करायची वेळ आली. ते काम एकट्यानं होत नाही. एकानं मुळं सोडवायची, दुसऱ्यानं खड्ड्यात धरायचं, आणि या कामाला त्या गावात माझ्या सासऱ्यांसारखा हात दुसरा नव्हता. हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. ऊन वर आलं, दव वाळलं, आणि मी वाफ्याशी गुडघे टेकले तेव्हा ते कोपऱ्यावर येऊन उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"एरलिंदा," ते म्हणाले. याआधी माझं नाव घेऊन त्यांनी कधी हाक मारल्याचं मला आठवत नाही. "मी धरू?"

नाही म्हणायची मला पूर्ण मोकळीक होती. झाडं माझी होती, बी माझं होतं, आणि एक रोप कुस्करलं असतं तर ते परत मिळणार नव्हतं.

"हात धुऊन या," मी म्हणाले. "साबणानं. मनगटापातुर."

आमच्या घरात सासऱ्याला असं कुणी सांगत नाही. ते दोन क्षण उभे राहिले, मग वळून पंपावर गेले. पंपाचा आवाज बराच वेळ येत होता. परत आले तेव्हा बाह्या वर केलेल्या, हातांवरून पाणी निथळत होतं. ते खाली बसायला लागले.

"वलं न्हाई चालत, मामंजी. वाळू द्या."

ते तसेच उभे राहिले, उन्हात, दोन्ही हात पुढे धरून. म्हाताऱ्याची बोटं वाकडी झालेली, नखांत जन्माची माती. ओनोफ्रे पाटावरून फावडं घेऊन चालला होता, त्यानं बघितलं. सासऱ्यांनी हात खाली घेतले नाहीत. वाळल्यावर त्यांनी ते माझ्यापुढे केले, आधी पंजे वर, मग उलटे.

मी दोन्ही हात नीट बघितले. घाई केली नाही. मग थोडी बाजूला सरकले आणि त्यांना बसायला जागा केली.